जुना टो-बार : एक प्रलंबित प्रकरण

अमेरिकेत निवृत्त माणसं मोटरहोम घेतात. पलंग, शेगडी, संडास सगळं सोबत घेऊन घरच हिंडतं. पण कोथिंबीर आणायला अख्खं घर काढणं बरं दिसत नाही. म्हणून मागे एक छोटी गाडी जोडायची, चारही चाकं रस्त्यावर ठेवून ओढायची. जोडायला टो-बार लागतो. नवा महाग, म्हणून जुना. इथवर माझं काही चुकतंय का, तुम्हीच सांगा.

जाहिरातीत 'फारच कमी वापरलेला' असं लिहिलेलं असतं. का कमी वापरला, हे लिहायची पद्धत नाही. बारवर किती वजन झेपेल याचं एक लेबल असतं. जुन्या बारवरचं सगळं शाबूत असतं, फक्त ते लेबल घासून गेलेलं असतं. "दहा हजार पौंडांचा आहे." कशावरून? "मी ओढायचो ना!" काय ओढायचात? "छोटी गाडी."

आता बेसप्लेट. बारचं एक टोक मोटरहोमच्या हिचमध्ये बसतं, दुसरं गाडीच्या पुढच्या बाजूला पक्क्या बोल्ट केलेल्या या प्लेटला. ती मॉडेलप्रमाणे वेगळी, कधी कधी वर्षाप्रमाणेही. आमची होंडा सीआर-व्ही २०१४ची. पुढच्या वर्षी गिअरबॉक्स बदलला आणि अशी ओढायची सोय गेली, म्हणून ही जपलेली. विकणाऱ्याने उदार मनाने जीपची बेसप्लेट फुकट दिली. दुसऱ्याची कवळी भेट मिळावी, तसा मी आभार मानून घरी आलो. एका हितचिंतकाने सुचवलं, जीप घेऊन टाका, प्लेट तर आहेच.

मग योग्य प्लेट मिळाली, पण दुसऱ्या कंपनीची. बार नेब्रास्कातल्या कंपनीचा, प्लेट वॉशिंग्टन राज्यातल्या कंपनीची. या दोन राज्यांत आजवर सीमावाद नव्हता. तो माझ्या गॅरेजमध्ये उपस्थित झाला. तोडगा म्हणून एक अडॅप्टर लागतो, आणि तो जुना कोणीच विकत नाही.

पुढे उंचीचा मुद्दा. बार साधारण आडवा हवा, फार तर तीन-चार इंचांचा फरक चालतो. आमचं हिच उंच, गाडी ठेंगणी. म्हणून खाली उतरवणारा आणखी एक लोखंडी तुकडा. त्याची क्षमता बारपेक्षा कमी, आणि नियम असा की सर्वात दुबळ्या तुकड्याची क्षमता तीच सगळ्यांची. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यकारिणीला हा नियम लावला असता, तर इथे एकही गणपती बसला नसता.

उरल्या सेफ्टी केबल, मागचे दिवे आणि ओढल्या जाणाऱ्या गाडीसाठी वेगळा ब्रेक. ब्रेक किती वजनाला सक्तीचा, हे राज्यागणिक बदलतं. उपरोक्त विक्रेत्याचा अभिप्राय : "मी कधीच लावला नाही, काही झालं नाही." अशाच अनुभवसिद्ध माणसांच्या मागोमाग आपण हायवेवर जात असतो. आणि हे सगळं जुळलं तरी गाडी जोडलेली असताना मागे घेता येत नाही. चुकीच्या पेट्रोल पंपात शिरलात की उतरा, गाडी सोडवा, मोटरहोम मागे घ्या, गाडी पुन्हा जोडा. रांगेतले सगळे पाहत असतात.

सबब मागणी एकच : जुना टो-बार विकणाऱ्याला सोबत आपली गाडी, मोटरहोम आणि लेबल विकणं कायद्याने बंधनकारक करावं. निवेदन तयार आहे. खाली सही करा, पूर्ण नाव लिहा. गाडीचं मॉडेल आणि वर्ष लिहायला मात्र विसरू नका.