ह्यांच्या काळजात काही शिरत नाही

स्टेंट घालून रायपूरच्या तात्यापाऱ्यात घरी आलो, तर हृदयविकारावर मी सोडून सगळ्या गल्लीचा अभ्यास झालेला. लसणापासून अर्जुनाच्या सालीपर्यंत सल्ले आले. मला शास्त्रीय काहीतरी हवं होतं. ते मिळालंही. अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठाच्या डॉ. मायकेल मिलर यांनी २००५ साली २० निरोगी माणसांना सिनेमे दाखवले, एक विनोदी, एक युद्धाचा. दंडाच्या धमनीतला रक्तप्रवाह हसताना सरासरी २२ टक्के वाढला, ताणाखाली ३५ टक्के घटला. ‘निरोगी’ हा शब्द गाळून मी हिला फर्मावलं, “आजपासून घरात विनोद. औषध म्हणून!”

माझ्याकडे विनोद एकच, हिच्या साबुदाण्याच्या खिचडीवरचा. रायपूरचं महाराष्ट्र मंडळ १९३५चं. विनोदही साधारण त्याच वयाचा. दंडाला बीपीचा पट्टा बांधून तो सुरू केला. खिचडीच्या गोळ्यापाशी पोचलो तोच ही म्हणाली, “मग उद्यापासून कोण करणार?” पट्टा फुगला, आकडा १६० ओलांडून गेला. मिलरसाहेबांच्या पडद्यावर प्रेक्षकांपैकी कुणाचीही बायको नव्हती, हा फरक तेव्हा ध्यानात आला.

विनोदखातं मग हिनेच घेतलं. नागपूरहून आत्या आल्या. त्यांना ही सांगते, “मी लग्नापासून ओरडतेय, ह्यांच्या काळजात काही शिरत नाही. डॉक्टरांनी फोटोच काढून दाखवला! नव्वद टक्के बंद. उरलेल्या दहा टक्क्यांत माझं अख्खं माहेर कोंबलं होतं ह्यांनी.” आत्या पदराने डोळे पुसत हसल्या. मीही हसलो. बीपी उतरलं, पण त्याचं श्रेय मी विनोदाला देणार नाही. गोळी तासाभरापूर्वीच घेतली होती.

एकदा मध्यरात्री जाग आली, तर ही दिवा लावून माझ्या छातीकडे टक लावून बसलेली.

“काय गं?”

“काही नाही. सकाळी दूध किती सांगायचं, ते बघत होते. झोपा.”

तिचा हात मात्र बराच वेळ माझ्या मनगटावर होता.

भेटायला येणाऱ्यांना विनंती : तात्यापाऱ्याच्या हनुमानाचा प्रसाद जरूर आणा, समोसे आणू नका, आणि खिचडीचा विषय तर अजिबात काढू नका. हल्ली ती मी करतो, आणि तिचा खरोखरच गोळा होतो.