पांडवांना वेळ तरी कधी मिळाला?

अहो, माणसांनी करमणूक म्हणून कशाच्या मागे लागावं याला काही सुमार? पूर्वी शनिवारी संध्याकाळी लोक नाटकाला जायचे, भेळ खायचे, निदान कुणाच्या तरी घरी बसून तिसऱ्याच्या सुनेविषयी बोलायचे. आता म्हणे इतिहास मंडळाच्या व्याख्यानाला जातात. विषय काय, तर 'आपल्या तालुक्यातील वीरगळ'! आणि हॉल फुल्ल. साडेपाचलाच पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांवर रुमाल पडलेले असतात.

आमच्या माहितीतल्या एक काकू कालपरवापर्यंत साड्यांच्या सेलची खडान्‌खडा खबर ठेवायच्या. आता देवळामागचा दगड दाखवून सांगतात, "खाली लढाई, मधे अप्सरा वीराला वर नेतायत, आणि वर शिवलिंग. वीरगळ आहे तो, लढाईत पडलेल्या वीराचं स्मारक. त्यावर धुणं वाळत घालू नका." परवा बोरिवलीला भाचीकडे केळवणाला गेल्या, तर जेवायच्या आधी एकसरला जाऊन आल्या. तिथल्या वीरगळांवर म्हणे चक्क जहाजांची लढाई कोरली आहे. केळवणातली बासुंदी गार झाली ती झालीच.

हे परवडलं, पण गधेगाळ नावाचा दगड? वर सूर्य-चंद्र, मधे राजाने दिलेल्या दानाचा लेख, आणि खाली… खाली जे कोरलंय ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही. दान मोडणाऱ्याला आईवरून दिलेली शिवी आहे ती, तीही दगडात, सरकारी खर्चाने! ती स्लाइड पडद्यावर आली की सभागृहात एकदम खोकल्याची साथ येते. मोबाइल मात्र सगळ्यांचे वर. काकूंचाही.

खरा तमाशा सुरू होतो तो प्रश्नोत्तरांत. एक गृहस्थ उठतात, "माझा प्रश्न नाही, थोडी भर घालायची आहे" म्हणतात आणि व्याख्यानाएवढीच भर घालतात. मग भुयार निघतं. भुयार देवळातून थेट किल्ल्यावर जातं, आजोबांनी स्वतः पाहिलेलं असतं आणि इंग्रजांनी बुजवलेलं असतं. वक्त्याने नम्रपणे म्हणावं, "पुरावा मिळत नाही," की सभागृह त्याच्याकडे असं बघतं, जसं काही त्यानेच बुजवलं.

आणि पांडव! पाषाणात कोरलेलं काहीही दाखवा, ते पांडवांनी एका रात्रीत केलेलं. पुण्याचं पाताळेश्वर राष्ट्रकूटांच्या काळातलं, तरी पांडवांचं. नाशिकच्या लेण्यांत सातवाहनांचे आणि नहपान राजाच्या जावयाचे लेख ढळढळीत दिसतात, तरी नाव पांडवलेणी. अंबरनाथच्या देवळात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०चा शिलाहारांचा लेख आहे. पण रिक्षावाल्याला विचारा, तो भीमाचंच नाव घेईल. बारा वर्षं वनवास आणि एक वर्ष अज्ञातवास. त्यात एवढं बांधकाम काढलं असतं, तर दुर्योधनाला हेर पाठवायची गरजच काय होती? ठाकठूक हस्तिनापुरापर्यंत ऐकू गेली असती.

यात डल्ला कुणाच्या श्रेयावर पडतो ते बघा. जुन्नरच्या डोंगरांतली लेणी घ्या. ब्राह्मी लिपीत, प्राकृतात देणगीदारांनी आपापली नावं रीतसर कोरून ठेवली आहेत. धान्यवाल्यांच्या श्रेणीने, म्हणजे संघाने, सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याची पोढी (म्हणजे टाकं) दिली. इरिल नावाच्या यवनाने दोन पोढ्या दिल्या, चिट नावाच्या दुसऱ्या यवनाने भोजनमंडप. कुठला कोण परका माणूस, जुन्नरला येऊन भिक्षूंच्या जेवणाची सोय करतो, नाव कोरून जातो, आणि दोन हजार वर्षांनी पायथ्याशी उसाचा रस पिणारा माणूस सांगतो, "भीमाने नखाने कोरलं." धान्यवाल्यांनी कुठे दाद मागावी?

बरं, हे ऐकणारी मंडळी बसलेली असतात कुठे? हॉलमधल्या प्रत्येक पंख्याच्या पात्यावर 'कै. मातोश्रींच्या स्मरणार्थ' असं लाल रंगात लिहिलेलं. खुर्चीच्या पाठीवर नाव, पाण्याच्या टाकीवर नाव, स्टीलच्या पेल्यावरसुद्धा खुटखुट करून घातलेलं नाव. त्याच पंख्याखाली वारा घेत, त्याच पेल्यातून पाणी पीत लोक हुज्जत घालतात, की साध्या व्यापाऱ्याला का एवढं परवडणार?

परवा तर आभारप्रदर्शनात माइकच्या एका देणगीदाराचं नाव वाचायचं राहिलं. काय गहजब झाला! गृहस्थ तडक चपला घालू लागले. कार्यवाह जिन्यापर्यंत मागे धावले, माइक पुन्हा चालू करून नाव दोनदा घेतलं, वर एक श्रीफळ दिलं, तेव्हा कुठे स्वारी परत येऊन बसली. आणि बसल्या बसल्या त्यांनी हात वर केला. त्यांना थोडी भर घालायची होती. पांडवांविषयी.