नोटीसबाईंना अनावृत पत्र

श्रीमती नोटीसबाई (एक महिनावाल्या) यांस,
मुक्काम : कायद्याचे पुस्तक.



आपली-आमची ओळख नाही, म्हणूनच हे पत्र. आमचे मुर्री गाव गोंदिया शहराला लागून आहे, त्यामुळे वाट चुकली अशी सबब चालायची नाही. आपला जन्म 1953चा. कापडगिरण्यांत माल पडून होता, कामगार रस्त्यावर यायची वेळ आली होती. तेव्हा आधी वटहुकूम निघाला, मग औद्योगिक विवाद कायद्यात दुरुस्ती झाली आणि आपण अवतरलात. कामावरून कमी करायचे तर महिनाभर आधी लेखी कळवा, नाहीतर महिन्याचा पगार हातावर ठेवा. शिवाय प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार भरपाई म्हणून द्या. घराणे उत्तम. फक्त मुर्रीला पायधूळ झाडायचे तेवढे राहून गेले.

अर्थात आपल्यावाचून कोणाचे अडले आहे असे नाही. आमच्या भागातल्या ठेकेदारांनी कारभार फार सुटसुटीत ठेवला आहे. राइस मिलमध्ये भरडाईचा हंगाम ओसरला की सकाळी गेटवर मुकादम वही घेऊन उभा राहतो. ज्याचे नाव पुकारले तो आत, बाकीचे डबा घेऊन परत घरी. "तुला काढलं" असे कोणी कोणाला म्हणत नाही. आमची माणसे तशी सभ्य. रेजा म्हणून पोती शिवणारी, झाडलोट करणारी बाई धीर करून विचारते, तर उत्तर मिळते, "माल नाही बाई, फोन करतो." आता जिला काढलेलेच नाही तिला काढल्याची नोटीस कशी द्यायची? 1953च्या विद्वानांना हा मुद्दा सुचला नव्हता.

बिडीकामात तर याहून नाजूक पद्धत. बाई घरीच सूप मांडीवर घेऊन पान कापते, तमाखू भरते, धागा बांधते. सट्टेदार एके दिवशी पान देणे बंद करतो. संपले. ना गेट, ना वही, ना मुकादम. वास्तविक या बायांसाठी आपल्यासारखीच एक नोटीस 1966च्या बिडी-सिगार कामगार कायद्यात बसवली होती, कलम 31 मध्ये. सहा महिने काम झाले असेल तर सबळ कारण लागत असे, आणि महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार. घरी बसून वळणारीही त्यात धरली होती. तो कायदाच आता नव्या कामगार संहितांमध्ये विलीन झाला. गोंदियात बिडीवर मोठी घराणी उभी राहिली. ते कलम वळणाऱ्या किती जणींच्या कानावर गेले, हे विचारून कोणाला अडचणीत टाकत नाही.

शिवाय बाईसाहेब, आपला मानपान परवडणारा नाही. बारा महिन्यांत 240 दिवस भरले पाहिजेत, तरच आपण उंबरा ओलांडणार. पगारी सुट्या आणि रविवार त्यात धरावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्ये सांगितले आहे. आमच्याकडे रोजी चालते, पगारी रविवार कसला! आणि 240 दिवस भरले हे सिद्ध करायचे कोणी? कामगाराने. कर्नाटकातल्या वनखात्याच्या हदीमनी प्रकरणात 2002 मध्ये न्यायालयाने तसे स्पष्ट केले. मजुराने शपथेवर सांगितले एवढ्याने भागत नाही, कागद पाहिजे. कागद आहे मुकादमाच्या वहीत, वही ठेकेदाराच्या कपाटात आणि ठेकेदार नागपूरला गेलेला.

ज्यांच्याकडे लेखी करार असतो त्यांचा थाट वेगळा. अकरा महिन्यांचा करार, दहाव्या महिन्यात मोडला. आता तरी आपण याल, असे वाटते ना? पण करारात शेवटी बारीक अक्षरात एक ओळ असते की हा करार केव्हाही, कारण न देता संपवता येईल. 1984 मध्ये कायद्यात सोय झाली की करारातल्या अटीप्रमाणे काम संपवले तर ती कामगारकपात नव्हेच, म्हणजे आपणही नाही. एवढी एक ओळ टंकायला अर्धा मिनिटही लागत नाही. नव्या औद्योगिक संबंध संहितेतही ही वाट शाबूत ठेवली आहे, जुने सगळे मोडीत काढायचे नसते ना!

21 नोव्हेंबर 2025 पासून आपण या नव्या घरात राहायला गेलात म्हणतात. वास्तुशांतीचे आमंत्रण मुर्रीला आले नाही, पण तक्रार नाही. ठरावीक मुदतीच्या कामगाराला वर्षभरानंतर ग्रॅच्युइटी लागू केली, ते बरे केले. ठेकेदारीचे नियम मात्र 50 मजुरांपासून पुढे. महाराष्ट्राने हा आकडा आधीच 20 वरून 50 वर नेला होता. हजेरीपट 49 वर आपोआप का थांबतो, हे गणिताच्या मास्तरांना विचारावे लागेल.

म्हणून एक सुचवतो. आपल्याला सवड नसेल तर आपल्या त्या भावकीतल्या बाईला धाडा, वेतन संहितेच्या कलम 17 वाल्या. काम सुटल्यापासून दोन कामकाजाच्या दिवसांत थकलेली मजुरी चुकती करा, एवढेच त्यांचे म्हणणे. त्यांना 240 दिवस लागत नाहीत. चार दिवस राबलेल्या माणसालाही त्या ओळखतात. त्यांचे सोबतीही कामाचे आहेत. ठेकेदाराने बुडवले तर आस्थापनेच्या मालकाने द्यावे, असे कलम 43 म्हणते आणि तिथे 50 चा आकडा विचारत नाही. दावा तीन वर्षांपर्यंत लावता येतो. सगळ्यात गोड म्हणजे कलम 59 : मजुरी मिळाली नाही असे मजूर म्हणाला, तर दिली हे मालकाने दाखवायचे. वही कपाटात ठेवणाऱ्याला ती बाहेर काढायला लावणारे कलम आहे हे. इतकी वर्षे पोरे आपल्याच नावाने ताटकळत बसली आणि या बाई आल्या हेसुद्धा कोणी त्यांना सांगितले नाही.

कळावे, लोभ जडावा ही विनंती.

आपला,
एक मुर्रीकर

ता. क. : कधी आलातच तर मिलच्या गेटवरूनच हाक मारा. ठेकेदाराच्या नावाने विचारू नका. पाटी यंदा पुन्हा बदलली आहे, माणूस तोच आहे आणि मजुरांचे दिवस पुन्हा एकपासून मोजायला घेतले आहेत.