बाटलीचं सेवापुस्तक

धाराशिव जिल्ह्यात शीतपेयाची दोन लिटरची बाटली शीतपेय संपल्यावर खऱ्या कामाला लागते. पहिली नेमणूक फ्रिजमध्ये, पाण्यासाठी. तिथून बदली शेतावर, अंगाला ओलं फडकं गुंडाळून बांधावरच्या सावलीत. पुढं काकवी, गोडेतेल, रस्त्याकडेला सुटं विकलं जाणारं पेट्रोल, फवारणीचं औषध, आणि निवृत्तीच्या तोंडावर टमरेलाचा अतिरिक्त कार्यभार. एवढ्या बदल्या एखाद्या तलाठ्याच्या झाल्या असत्या तर तो केव्हाच मॅटमध्ये, म्हणजे प्रशासकीय न्यायाधिकरणात, गेला असता. बाटली बिचारी निमूट पुढच्या ठिकाणी रुजू होते. या काटकसरीबद्दल मला आदरच आहे. तक्रार एवढीच की इतक्या नोकऱ्या करूनही तिचं सेवापुस्तक कोणी ठेवत नाही. ते कसं ठेवावं हे ज्यांच्याकडून शिकावं, ती मंडळीही भलत्याच ठिकाणी सापडतात: घरच्या घरी बिअर करणाऱ्यांत.

आधी काटकसरीचं. बालाघाटाच्या पठारावरचा हा जिल्हा पर्जन्यछायेतला. एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, प्रत्येकीत सुमारे ५० हजार लिटर. ज्या मुलखानं पाणी वाघिणीतून उतरताना पाहिलं, त्याला पाणी धरणारी कुठलीही वस्तू कचरा वाटणं अवघड आहे. राज्य सरकारनं मार्च २०१८ च्या प्लास्टिकबंदीत शीतपेयाची-पाण्याची ‘पेट’ (PET) प्लास्टिकची बाटली परत करणाऱ्याला रुपया-दोन रुपये देण्याची तरतूद केली. पण रुपयासाठी दोन लिटरची, घट्ट टोपणाची, न गळणारी बाटली परत करणारा माणूस इथं पर्यावरणप्रेमी ठरत नाही, व्यवहारशून्य ठरतो.

आता बिअरवाले. ब्रिटनमध्ये १९६३ पासून घरच्या बिअरला परवाना लागत नाही. अमेरिकेत १९७८ च्या कायद्यानं तिला केंद्रीय पातळीवर मोकळीक मिळाली. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा आहे आणि बिनपरवाना बिअर करणं गुन्हा आहे. तेव्हा हे वाचून कोणी माळ्यावर पिंप मांडलंच, तर जामीनदार म्हणून माझं नाव सांगू नये. मात्र त्या मंडळींची शिस्त उसनी घ्यायला कायद्याची हरकत नाही. घरची बिअर बाटलीत भरताना तिच्यात थोडी साखर घालतात. यीस्ट ती खातं. वजनानं निम्म्याच्या आसपास मद्यार्क होतो आणि उरलेल्याचा कार्बन डायऑक्साइड. बंद बाटलीत या वायूला वाट नसते, म्हणून तो बिअरमध्येच विरघळतो आणि फेस देतो. साखरेचा हात सैल सुटला तर फेसाऐवजी स्फोट मिळतो. म्हणून ही माणसं जुनी बाटली हातात आली की तीन चौकश्या करतात: आधी आत काय होतं, हिनं कधी वायूचा दाब सोसला आहे का, आणि झाकण हिचंच आहे का.

दाबाच्या बाबतीत सगळ्या बाटल्या एका श्रेणीतल्या नसतात. ड्यूपाँ कंपनीतला अभियंता नॅथॅनिएल वायथ यानं १९७३ मध्ये पेट बाटलीचं पेटंट मिळवलं. त्याआधी त्यानं डिटर्जंटच्या प्लास्टिक बाटलीत जिंजर एल भरून फ्रिजमध्ये ठेवून पाहिलं होतं, तर बाटली एवढी फुगली की फ्रिजमधून निघता निघेना. पेट आडवंउभं दोन्हीकडून ताणलं की त्याचे रेणू ओळीत बसतात आणि पातळ भिंतही तीन-चार वातावरणांएवढा दाब पेलते. सोड्याच्या बाटलीच्या बुडाला पाकळ्यांसारखे पाय काढलेले असतात, तेही या दाबासाठीच. पाण्याची एक लिटरची बाटली मात्र नुसती धरली तरी कुरकुरते. तिच्यात आंबणारा पदार्थ भरून टोपण आवळणं म्हणजे आवक-जावक कारकुनाला दंगल आवरायला पाठवणं.

टोपणाची तर कोणी दखलच घेत नाही. बाटली पेटची असते, टोपण पॉलिएथिलीनचं किंवा पॉलिप्रॉपिलीनचं. पाण्यात टाकलं तर बाटलीचा तुकडा बुडतो आणि टोपण तरंगतं. हे प्लास्टिक मऊ असल्यानं घट्ट बसतं, आणि वासही तेच जास्त धरून ठेवतं. बाटली तीनदा विसळली तरी रॉकेलची आठवण येते ती बहुधा टोपणामुळं. शिवाय एकाचं टोपण दुसऱ्यावर बसल्यासारखं दिसतं, पण आटे जुळले नाहीत तर वायू रात्रभर फुसफुसत निघून जातो. काचेच्या बाटलीवरचं पत्र्याचं झाकण विल्यम पेंटरनं १८९२ मध्ये आणलं. ते एकदा उचकटलं की वाकतं आणि फेकावंच लागतं. त्याच्या वीसेक वर्षं आधी हायरम कॉडनं गोटी सोड्याच्या बाटलीत हा प्रश्न मुळातूनच मिटवला होता. त्यानं झाकण म्हणून काचेची गोटी आतच कोंडून ठेवली, आणि आतला वायूच तिला वर दाबून धरतो. यात्रेच्या गर्दीतसुद्धा या बाटलीचं झाकण हरवत नाही, म्हणून ती पुन्हा पुन्हा भरता येते.

बिअर करायची नाही तर हे वायुपुराण कशाला, असं कोणी विचारील. कारण असं की आंबवण्याचं काम इथं शेतोशेती चालतं, फक्त ते पिकासाठी असतं. दोनशे लिटर पाणी, शेण, गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती, असं जीवामृत पिंपात करतात आणि पिंपावर गोणपाट टाकतात, घट्ट झाकण लावत नाहीत. वायूला वाट हवी हे तिथं सगळ्यांना ठाऊक असतं. पण तेच जीवामृत पाहुण्यानं मागितलं की पाण्याच्या बाटलीत गळ्यापर्यंत भरायचं, टोपण दात-ओठ खाऊन आवळायचं आणि बाटली एसटीच्या रॅकवर ठेवायची. एप्रिलात एसटीचा पत्रा तापतो, बाटलीतला गूळ अजून पुरता संपलेला नसतो, आणि खाली बसलेल्या प्रवाशाला सेंद्रिय शेतीचा लाभ तिकिटातच मिळतो.

यावर पहिला आक्षेप, प्लास्टिक विषारी आहे, काच वापरा. पेट तयार करताना अँटिमनीचं संयुग वापरतात आणि त्याचा अंश पाण्यात उतरतो, हे खरं. उष्णता आणि मुक्काम वाढला की तो जास्त उतरतो, म्हणून उन्हात तापलेल्या गाडीतलं महिन्याभराचं पाणी पिऊ नये. पण सावलीतल्या कालच्या पाण्याला तेवढं भ्यायचं कारण नाही. आणि काच दाब वाढला की पूर्वसूचना न देता फुटते, तुकडे उडवते. पेटची बाटली आधी कडक होते, फुगते. बोटानं दाबलं की आतली बातमी कळते. काचेच्या बाटल्या भरणारे काही बिअरवाले एक बाटली मुद्दाम पेटची ठेवतात ती याचसाठी. दुसरा आक्षेप, भंगारात द्या, पुनर्वापर होईल. होईल, पण त्या बाटलीची बहुधा पुन्हा बाटली होत नाही. पॉलिस्टरचा धागा होऊन ती उशीत जाते. कामाला धडधाकट असलेल्या कर्मचाऱ्याला इतक्या लवकर उशीत धाडायची घाई कशाला? तिसरा आक्षेप घरातल्या जाणत्यांचा: आम्ही चांगली धुऊन घेतो. ते धुणं काचेच्या सवयीनं चालतं, आत वाळू घालून खळखळवायचं नाहीतर उकळतं पाणी ओतायचं. पेट ७० अंशांच्या आसपास मऊ पडून आक्रसतं, आणि वाळूनं आत चरे पडतात. त्या प्रत्येक चऱ्यात जंतूंना घरकुल मंजूर होतं.

कीटकनाशकाच्या बाबतीत मात्र थट्टा बाजूला ठेवावी लागते, कारण त्याचा अंश विसळण्यानं जाईल असा भरवसा धरता येत नाही. १९७१ च्या कीटकनाशक नियमांप्रमाणे औषधाची रिकामी बाटली फोडून वस्तीपासून लांब पुरायची असते. शीतपेयाच्या बाटलीत औषध भरणं त्याहून घातक, कारण लहान मूल बाटलीची ओळख धरतं आणि तोंडाला लावतं. म्हणून सेवापुस्तकाचा पहिला नियम असा की बाटलीची पदावनती चालेल, पदोन्नती चालणार नाही. पाण्याची बाटली फिनेलला जाऊ शकते, पण लेबल खरवडून. फिनेलची बाटली स्वयंपाकघरात परत येणार नाही. आणि औषधाकडे प्रतिनियुक्ती कायमची बंद. दुसरा नियम, टोपणाची बदली बाटलीसोबतच व्हावी. तिसरा, आंबणारं काही भरायचं तर बाटली सोड्याचीच हवी, वर चार बोटं जागा सोडावी आणि टोपण सैल ठेवावं. मार्करनं बाटलीच्या पोटावर दोन शब्द लिहिले की नोंद पूर्ण झाली. बिअरवाले हा सगळा खटाटोप फेसासाठी करतात. आपण तो ताक, काकवी आणि जीवामृतासाठी करू. त्याला उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागत नाही.