साखर कारखान्याची, शुगर रक्तातली

अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे लोकांच्या तोंडी अजूनही नगरमध्ये, गोडवा दोन ठिकाणी मोजला जातो. कारखान्यात तो उताऱ्याच्या टक्क्यांनी मोजतात आणि लॅबमध्ये मिलिग्रॅमने. पहिल्याला साखर म्हणतात, दुसऱ्याला शुगर. नावं वेगळी ठेवल्याने मोठी सोय झाली आहे. ‘मला शुगर आहे’ असं सांगणारा गृहस्थ त्याच दमात ‘साखर जरा कमी पडली’ असंही म्हणतो आणि ऐकणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही.

याला इतिहास आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणीजवळ प्रवरानगरला उभ्या राहिलेल्या, आशियातला पहिला मानल्या जाणाऱ्या सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम 1950-51 चा. पुढे कोपरगाव, संगमनेर, राहुरी, नेवासा अशी धुराडी वाढत गेली. दिवाळीला सभासदांना सवलतीच्या दरात साखर मिळते. असं पोतं घरात असताना फिकी कॉफी मागणं हा यजमानाच्या ऐपतीवरचा आणि किंचित सहकारावरचाही अविश्वास समजला जातो.

खरं तर हा जिल्हा चहाचा. कॉफी ही उपासाच्या दिवशी, रात्रीच्या जागरणाला किंवा सोयरीक जुळवायला आलेल्या मंडळींसाठी. पण मधुमेह झाला की कॉफीला बढती मिळते, ती अशी: डॉक्टर सांगतात, ‘चहा कमी करा.’ पेशंट आज्ञाधारक असतो. तो घरी येऊन चहा बंद करतो आणि कॉफी सुरू करतो. डॉक्टरांनी कॉफीचं नाव काढलेलं नसतं. तीन महिन्यांनी एचबीए1सीचा, म्हणजे मधल्या काळातल्या सरासरी शुगरचा, आकडा वर गेला की खापर कॉफीवर फुटतं.

म्हणून आधी हा कप उघडून पाहायला हवा. मराठी घरातली कॉफी पाण्यात होत नाही. पातेल्यात दूध चढवतात, त्यात साखर टाकतात, वरून जायफळ किसतात आणि शेवटी रंगापुरती कॉफी. दीडशे मिलिलिटरच्या कपात शंभरएक मिलिलिटर दूध धरलं, तर त्यात दुधाची स्वतःची साखर, लॅक्टोज, सुमारे 5 ग्रॅम असते. साखरेचा सपाट चमचा 4 ते 5 ग्रॅमचा. नगरी चमचा सपाट नसतो, त्यावर शीग असते. असे दोन चमचे धरले की एका कपात वीस ग्रॅमच्या आसपास साखर आणि दीड-दोन ग्रॅम कॉफी. एवढ्या ऐवजाला कॉफी म्हणणं म्हणजे जायफळ पडलं म्हणून बासुंदीला जायफळ म्हणण्यासारखं आहे. शिवाय कप एकटा येत नाही. सोबत खारी किंवा टोस्ट येतो. पुड्यावर ‘शुगर फ्री’ लिहिलेलं बिस्किट असलं तर त्याचे चार नग जास्त खाल्ले जातात, आणि आतल्या मैद्याचं ग्लुकोज व्हायचं थांबत नाही.

यावर गुळाचा तोडगा निघतो. हमरस्त्यांवर गुळाच्या चहाच्या पाट्या लागल्यापासून गूळ जवळजवळ औषधांत जमा झाला आहे. गुळात थोडी खनिजं असतात हे खरं, पण बाकीचा बहुतांश गूळ म्हणजे त्याच उसाचं तेच सुक्रोज. रंग गावरान म्हणून रक्त त्याला वेगळी वागणूक देत नाही.

आता कॉफीला निर्दोष सोडावं, तर तेही जमत नाही. समजा सगळं वजा केलं: साखर नाही, दूध नाही, खारी नाही, उरली काळी कॉफी. हिच्यात कर्बोदकं जवळपास शून्य, तरी काहींची शुगर चढते. हे काम कॅफिनचं. कॅफिन ॲड्रेनालिन वाढवतं, ॲड्रेनालिन यकृताला साठवलेलं ग्लुकोज बाहेर काढायला लावतं, आणि इन्शुलिनचा हुकूम पेशी थोड्या उशिरा मानतात. 2008 मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात जेम्स लेन यांच्या गटाने रोज कॉफी पिणाऱ्या टाइप 2 मधुमेहाच्या दहा जणांना दिवसाला 500 मिलिग्रॅम कॅफिन गोळ्यांतून दिलं आणि ग्लुकोजवर सतत नजर ठेवली. दिवसाची सरासरी साडेसात टक्क्यांनी वाढली आणि रात्रीच्या जेवणानंतरची वाढ 26 टक्के निघाली. माणसं दहाच आणि डोस दणदणीत, हे लक्षात ठेवायचं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2024 च्या आहारविषयक मार्गदर्शिकेत दीडशे मिलिलिटर इन्स्टंट कॉफीत 50 ते 65, दळलेल्या पुडीच्या कॉफीत 80 ते 120 आणि चहात 30 ते 65 मिलिग्रॅम कॅफिन धरलं आहे. दिवसाची मर्यादा 300. म्हणजे लेन यांच्या डोसाला पोहोचायला घरच्या इन्स्टंटचे आठ-दहा कप लागतील. तेवढं दूध घरी उरलं, तर डेअरीला काय घालणार?

पारावर या प्रयोगाची चर्चा होत नाही. तिथे चालतो तो दुसराच अभ्यास. 2002 मध्ये नेदरलँड्समधल्या सुमारे सतरा हजार लोकांच्या पाहणीत दिवसाला सात किंवा जास्त कप कॉफी पिणाऱ्यांत टाइप 2 मधुमेह होण्याचं प्रमाण निम्म्यावर दिसलं. हा आधार सर्वांत मोठ्या आवाजात देतात ते दहा वर्षांपासून गोळ्या घेणारे. पाहणी होती मधुमेह न झालेल्यांची. झालेल्याने ती स्वतःला लावून घेणं म्हणजे म्हैस विकल्यावर तिचा विमा उतरवणं. शिवाय कॅफिन काढलेल्या कॉफीबाबतही पुढे तसाच कल दिसला. तेव्हा दीर्घकाळचं श्रेय असलंच, तर कॉफीतल्या क्लोरोजेनिक आम्लासारख्या इतर द्रव्यांकडे जाईल. आणि डच माणूस त्या कपात शिगेचे दोन चमचे टाकत असेल, असं मानायला जागा कमी.

एक गंभीर घोळ मात्र ध्यानात ठेवण्याजोगा आहे. जास्त कॉफीने हात थरथरतात, छाती धडधडते, घाम फुटतो. इन्शुलिन किंवा काही गोळ्या घेणाऱ्याची शुगर 70 च्या खाली गेली तरी हेच होतं. ‘कॉफी जास्त झाली’ म्हणून गप्प पडून राहायचं नाही, बोट टोचून बघायचं. आकडा खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायची. डॉक्टर स्वतः साखर खा म्हणतात असा हा एकच प्रसंग, आणि नेमकं याच वेळी पेशंटला पथ्य आठवतं.

कोणाची शुगर कॉफीने किती हलते, हे माणसागणिक बदलतं. ते कळायला पारावरच्या तज्ज्ञापेक्षा ग्लुकोमीटर बरा. एका सकाळी काळी कॉफी, दुसऱ्या सकाळी नेहमीची. नाश्ता दोन्ही दिवशी तोच, गोळ्याही त्याच. आधी एकदा आणि दोन तासांनी पुन्हा मोजायचं आणि आकडे डॉक्टरांना दाखवायचे. बहुतेक घरांत दोषी चमचा निघतो. क्वचित कॉफीही निघते.

राहिली लॅबची सकाळ. उपाशीपोटी रक्त द्यायचं असेल तर आधीचे किमान आठ तास फक्त पाणी चालतं. स्टँडवर उतरल्यावर घेतलेली ‘अर्धीच कॉफी’ उपास मोडते. ती बिनसाखरेची असली तरी टाळायची, आणि घेतली असेल तर सुई टोचण्याआधी सांगायची.