जाहीर उपास

आमच्या वसईच्या पश्चिम पट्ट्यात पवित्र होणं खरं तर सोपं असायला हवं. कुठंही उभे राहा, चर्चची घंटा कानावर येते, नाक्यानाक्यावर क्रूस दिसतो आणि बहुतेकांच्या गोतावळ्यात एखादे फादर नाहीतर एखादी सिस्टर निघतेच. आमच्यात तर दोन्ही आहेत. त्यामुळे माझ्या वाटचं पावित्र्य त्यांनी परस्पर भरून टाकलंय, अशा समजात मी बरीच वर्षं सुखात काढली. पण पन्नाशी उलटली, रक्तात साखर निघाली आणि डॉक्टर व आई दोघांनीही एकाच आठवड्यात ‘आता तरी सुधार’ असं सुनावलं. डॉक्टरांचा रोख शरीराकडे होता, आईचा आत्म्याकडे. आत्म्याचं काम कमी खर्चात उरकेल असं वाटून मी तिकडून सुरुवात केली.

ईस्टरआधीचा उपवासकाळ तोंडावर आला होता. आम्हा कॅथलिकांचा कायदा या बाबतीत फार कनवाळू आहे. सक्तीचे उपास दोनच, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. तेही वयाची १८ पूर्ण झाल्यापासून ६०वं लागेपर्यंत. त्या दिवशी एक पूर्ण जेवण आणि दोन किरकोळ. त्याखेरीज शुक्रवारी मांस वर्ज्य. बाकी काय सोडायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं. मी तीन गोष्टी सोडायचं ठरवलं: मटण, मोबाइल आणि निंदा. यातली तिसरी सगळ्यात अवघड, कारण आमच्या लोकलच्या डब्यात भजनी मंडळ, पत्ते मंडळ आणि निंदा मंडळ अशी तीन मंडळं चालतात आणि मी तिसऱ्याचा आजीव सभासद आहे.

राखेच्या बुधवारी पहाटेच्या मिस्साला गेलो. गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी वाटलेल्या झावळ्या जाळून ही राख करतात आणि तिचा क्रूस कपाळावर काढतात. गंमत अशी की त्याच मिस्सात मत्तयाच्या सहाव्या अध्यायातलं वाचन असतं. उपास करताना तोंड धुवावं, डोक्याला तेल लावावं, लोकांना पत्ता लागू देऊ नये, असा त्याचा मथितार्थ. हे वाचन मी मन लावून ऐकलं आणि राख पुसली जाऊ नये म्हणून मान ताठ ठेवून स्टेशन गाठलं. गर्दीत घाम येऊन क्रूस ओघळू नये म्हणून पंख्याखालची जागा पकडली. एका म्हाताऱ्याला धक्का देऊन, पण ते सोडा.

आमचे निंदा मंडळाचे अध्यक्ष बोरिवलीपर्यंत माझ्याकडे बघत होते. शेवटी त्यांना राहवेना. “अहो, कपाळाला काळं लागलंय तुमच्या,” म्हणत त्यांनी रुमाल ओला केला आणि मी तोंड उघडायच्या आत माझं कपाळ लख्ख पुसून टाकलं. त्यावर मी जे बोललो ते उपवासकाळातच काय, एरवीही छापण्याजोगं नाही. भजनी मंडळसुद्धा टाळ थांबवून ऐकत होतं. दिवसभर कोऱ्या कपाळानं ऑफिसात बसवेना. संध्याकाळी जवळच्या एका चर्चमध्ये जाऊन पुन्हा राख लावून घेतली. परतीच्या गाडीत अध्यक्ष नव्हते, याचं मला मनापासून वाईट वाटलं.

मोबाइलचं व्रत त्याहून कडक होतं. ते सुरू करण्यापूर्वी लोकांना कळवणं भाग होतं. उगाच कुणाला काळजी नको. म्हणून सगळ्या ग्रुपांवर ‘जगाच्या कोलाहलापासून दूर जात आहे, प्रार्थनेत आठवण ठेवा’ असा मजकूर टाकला. सोबत सूर्यास्ताचा फोटो. मग किती जणांनी हात जोडले ते पाहायला दर दहा मिनिटांनी मोबाइल उघडावा लागला. मोठ्या साडूनं हात जोडले नव्हते. दोन दिवस वाट पाहून मी त्याला फोनच केला, म्हटलं तब्येत बरी आहे ना? पुढं पुढं बायकोचा मोबाइल वापरू लागलो. तिच्या मोबाइलला व्रत लागू नव्हतं.

या बाबतीत मी एकटा नाही, याचा पुरावा इतिहासात आहे. पाचव्या शतकात सीरियात सिमियोन नावाचा तपस्वी होऊन गेला. लोकांची गर्दी टाळायला तो एका खांबावर चढून बसला आणि ३० वर्षांहून अधिक काळ तिथंच राहिला; ४५९ साली तिथंच वारला. झालं काय, खांबावरचा माणूस बघायला लांबलांबून आणखी लोक येऊ लागले. त्याला बिचाऱ्याला गर्दी नको होती. मला खांब नको होता.

राहता राहिलं मटण. शुक्रवारी मांस नको, पण मासळी चालते, आणि वसईकराला ही सवलत म्हणजे साक्षात स्वर्गाचं दार. मी पहाटे उठून नायगावच्या बाजारातून पापलेट आणली. भरलेलं पापलेट, रवा लावलेले बोंबील, कोळंबीचं कालवण, तांदळाची भाकरी. ताटाचा फोटो काढून बायकोच्या मोबाइलवरून ‘साधा उपास’ म्हणून स्टेटसला ठेवला. बिल पाहून बायको म्हणाली, “अहो, तुम्ही मटणच खात जा. तुमचा त्याग परवडत नाही.” आई काही बोलली नाही. ती पेज आणि लोणचं घेऊन ओट्यापाशी जेवत होती, आणि ती नेहमीच तिथं जेवते म्हणून माझ्या लक्षातही आलं नाही.

रविवारी तर प्रश्नच नव्हता. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत मोजलं तर ४६ दिवस भरतात. त्यातले सहा रविवार वजा करा, की चाळीस. म्हणजे रविवार हिशेबाबाहेर. हे गणित लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकवलं होतं, आणि त्या वर्गातलं एवढं एकच मला पक्कं आठवतं. आठवडाभराचं मटण, मोबाइल आणि निंदा मी रविवारी बसवू लागलो.

पवित्र आठवड्याच्या तोंडावर पापनिवेदनाला गेलो. रांग मोठी होती. माझ्या पापांपेक्षा साडूच्या पापांनी बराच वेळ घेतला, तेव्हा फादरांनी मला थांबवलं आणि कॅसियनचं नाव काढलं. हा पाचव्या शतकातला मठवासी. इजिप्तच्या वाळवंटातल्या संन्याशांकडे शिकून आलेला. त्यानं मठवासीयांसाठी आठ दुर्गुणांची यादी दिली आहे. खादाडपणा पहिला, मोठेपणाची हाव सातवी आणि गर्व आठवा. त्या सातवीला जुने संन्यासी कांदा म्हणत. एक पापुद्रा काढला की आत दुसरा तयार. माणूस चांगले कपडे घालून मिरवतो. ते सोडले तर फाटके घालून मिरवतो. खाऊन मिरवतो, उपास करूनही मिरवतो.

मी नम्रपणे म्हटलं, “फादर, मी अजून पहिल्याच पायरीवर आहे. सातवी फार लांब.”

“नाही,” फादर म्हणाले, “तू पहिली आणि सातवी एकाच ताटात वाढून घेतलीस. फोटो मी पाहिला.”

ते आमच्या धर्मग्रामाच्या ग्रुपवर आहेत, हे मी विसरलो होतो.

मला वाटलं, प्रायश्चित्त म्हणून दहा-वीस प्रार्थना देतील. त्या मी पुढच्या बाकावर गुडघे टेकून, जरा मोठ्यानं म्हटल्या असत्या. पण माणूस अनुभवी. म्हणाले, “वर्षभर एक काम कर. दर आठवड्याला. कुणासाठी तरी. आणि त्याचा पत्ता कुणालाही लागू देऊ नकोस. बायकोलासुद्धा.”

काम त्यांनीच सांगितलं. मी ते करतो आहे. कामात काही त्रास नाही, तासाभराचंच आहे. पण मंगळवारी संध्याकाळी घरी आल्यावर बायको विचारते, “उशीर झाला?” आणि मला “गाडी लेट होती” असं सांगावं लागतं, तेव्हा जिभेला जे कष्ट पडतात ते मटण सोडतानाही पडले नव्हते. निंदा मंडळात विषय काढता येत नाही. साडूला तर कधीच कळणार नाही.

तेव्हा ते काम कोणतं, हे मी या लेखात लिहिणार नाही. वाचकांनी आग्रह करू नये. अगदीच राहवलं नाही, तर माझा नंबर संपादकांकडे दिलेला आहे.