‘सर्व्हिस रेडी’ साहेबांस

प्रति,
मा. धोरण सल्लागार (डिजिटल पायाभूत सुविधा)

विषय : आपल्या नेमणुकीबद्दल अभिनंदन आणि एका रकान्याची मागणी.
संदर्भ : आपले वेळोवेळीचे पीपीटी.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करतो की, मी एका ग्रामपंचायतीत संगणक परिचालक आहे. आपल्या स्लाइडवर अगदी शेवटी ‘लास्ट माइल’ म्हणून एक ठिपका असतो, त्या ठिपक्यात खुर्ची टाकून बसतो तो मी. आपली नेमणूक झाल्याचे पेपरात वाचून आनंद झाला. आमच्याकडे साहेब पुष्कळ येऊन गेले, पण साहेबाला बदलीची धास्ती असते. सल्लागाराचे तसे नाही. एक करार संपला की दुसऱ्या खात्याचा तयार असतो. त्यामुळे आपण निर्भीडपणे सल्ला द्याल, अशी खात्री आहे.

नव्या माणसाला मागची फाइल ठाऊक असलेली बरी, म्हणून थोडक्यात सांगतो. ऑक्टोबर 2011 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने नॅशनल ऑप्टिकल फायबर नेटवर्क मंजूर केले. सुमारे 20 हजार कोटी रुपये, अडीच लाख ग्रामपंचायती आणि मुदत दोन वर्षांची. 2015 मध्ये या योजनेचे नाव भारतनेट झाले. (नाव बदलायचे काम आपल्याकडे कधी रखडत नाही.) 2017 च्या अखेरीस एक लाख ग्रामपंचायतींचा पहिला टप्पा पुरा झाला. 15 ऑगस्ट 2020 रोजी लाल किल्ल्यावरून सहा लाख गावांना 1000 दिवसांत फायबर देण्याची घोषणा झाली. ते 1000 दिवस मे 2023 मध्ये भरले आणि ऑगस्टमध्ये 1 लाख 39 हजार कोटींहून मोठा सुधारित कार्यक्रम मंजूर झाला.

या सुधारित कार्यक्रमात ‘रिंग टोपॉलॉजी’ आहे. म्हणजे तार एका बाजूने तुटली तर नेट दुसऱ्या बाजूने फिरून येईल. आधीची तार सरळ रेषेत होती, मध्ये कुठे तुटली की पुढचा सगळा अंधार. दोन्ही अंगांनी पाणी आले तर एक व्हॉल्व्ह बिघडूनही नळ चालतो, एवढे आमच्या गावात पाणी सोडणाऱ्याला पहिल्यापासून ठाऊक आहे. त्याला बिचाऱ्याला पीपीटी करता येत नाही.

आता आमच्या नेटच्या पेटीविषयी. ती कोणत्या योजनेतली, कोणत्या कंपनीची, ते लिहीत नाही. उगाच कोणाचे बिल अडायला नको. कार्यालयात कपाटाशेजारी भिंतीवर ती बसवली आहे. तार आली, पेटी बसली, चाचणी झाली, फोटो निघाला. फोटोत सरपंच आहेत, मी आहे आणि मधोमध हिरवा दिवाही लागलेला आहे. त्या दिवशी आम्ही ‘सर्व्हिस रेडी’ झालो. पुढे नळपाणी योजनेच्या जेसीबीने चर खणला आणि तारेच्या केशरी नळीचे दोन तुकडे झाले. एक तुकडा अजून ओढ्याकाठी लोंबतो आहे. तार कोणाची, खणले कोणी आणि जोडायचे कोणी, या तीन प्रश्नांची उत्तरे तीन ठेकेदारांकडे आहेत आणि तिघे एकमेकांचे फोन उचलत नाहीत. पेटीला आम्ही खंडेनवमीला हळदकुंकू लावतो, झेंडूची माळ घालतो. तेवढा एक दिवस तिच्यावरची धूळ पुसली जाते. डॅशबोर्डवर मात्र आम्ही हिरवे आहोत, कारण डॅशबोर्ड फोटो बघतो.

खणण्यावर तुमच्याकडे उपाय आहे, हे मान्य. 22 मार्च 2023 ला ‘कॉल बिफोर यू डिग’ नावाचे ॲप सुरू झाले. खणणाऱ्याने आधी ॲपवर कळवायचे, म्हणजे जमिनीत कोणाची तार आहे ते समजते. कल्पना खरोखर चांगली आहे. मी आमच्या जेसीबीवाल्याला विचारले, ॲप टाकलेस का? तो म्हणाला, भाऊ, इथं रेंज कुठाय?

साहेब, पेटी बंद असल्याचे मला फारसे दुःख नाही. तशी गावात बरीच सरकारी यंत्रे बंद आहेत. पंचाईत अशी की ती चालू आहे असे गृहीत धरून बाकीची खाती पुढे निघून गेली. 1 जानेवारी 2023 पासून रोजगार हमीची हजेरी ॲपवर आली. मजुरांचे दिवसातून दोनदा फोटो काढायचे, तेही ठिकाणाच्या नोंदीसह. मस्टर कागदावर होते तेव्हा लबाडीला शाई तरी लागायची. जुलै 2025 मध्ये खुद्द केंद्रीय मंत्रालयानेच कळवले की, फोटोचा फोटो काढून चढवला जातो.

लाडक्या बहिणींच्या ई-केवायसीला तर मीच सोबत गेलो होतो. आमच्याकडे रेंज येते ती टेकडीवरच्या म्हसोबापाशी. बायका आधारकार्डे पदराला बांधून वर चढल्या. आधी बाईचा ओटीपी, मग नवऱ्याचा किंवा वडिलांचा. नवरा ऊसतोडीला, फोन त्याच्याकडे आणि त्याला तिथे रेंज नाही. एक मावशी शांतपणे सगळे बघत होत्या. त्यांचा नंबर आला तेव्हा म्हणाल्या, “माझे दोघंही वर गेलेत, त्यांचा ओटीपी कुठून आणू?” अर्जात त्याला रकाना नव्हता. पुढे मुदत 31 डिसेंबर 2025 पर्यंत वाढली, मृत्यूचा दाखला अंगणवाडीत देण्याची सोय झाली. म्हणजे अखेर कागदच कामी आला, आणि तोही माणसाच्या हाती द्यावा लागला.

देशातला पहिला आधार क्रमांक 29 सप्टेंबर 2010 रोजी आमच्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिला गेला. तेव्हा क्रमांक द्यायला पंतप्रधान स्वतः गावात आले होते. आता तो क्रमांक चालवायला बाईला डोंगर चढावा लागतो. प्रगतीचा आलेख वर गेला पाहिजे, असे आपणच म्हणता.

म्हणून मागणी एकच. ‘सर्व्हिस रेडी’च्या शेजारी डॅशबोर्डवर आणखी एक रकाना काढावा : गेल्या महिन्यात किती दिवस चालू? तो ठेकेदाराने भरू नये, आम्ही भरू. आणि जिथे तो आकडा 25 च्या खाली आहे, तिथे कोणतीही सेवा ‘फक्त ऑनलाइन’ करू नये. तिथे कागदी अर्ज, रजिस्टर आणि सही चालली पाहिजे, आणि तसा शासन निर्णय निघाला पाहिजे. याला फायबर लागत नाही, निविदा लागत नाही. बहुधा म्हणूनच ते कोणी सुचवलेले नाही.

हा सल्ला फुकट आहे, तेव्हा त्याचे वजन कमी भरेल, याची कल्पना आहे. तरी एकदा प्रत्यक्ष येऊन पाहावे. येताना फक्त आगाऊ कळवू नये. कळवलेत तर आदल्या रात्री तार जोडली जाईल, हिरवा दिवा लागेल आणि आपल्या अहवालात अडचणींचा रकाना निरंक जाईल.

आपला,
संगणक परिचालक
(मानधन तत्त्वावर)